पोस्टग्रेस १६, दोन हंगाम वापरून: कच्ची वही, डिस्क आणि ती गायब झालेली ७४ जीबी

मी देवगडला मासळीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवतो आणि चालवतो. दीडशेच्या आसपास बोटी आहेत, रोजचा लिलाव, कुठल्या बोटीचा किती बांगडा आला, सुरमई किती किलो, कोणी काय भावाने घेतली, मग डिझेल, बर्फ, बोटीवरचं रेशन, खलाश्यांनी घेतलेली उचल, सगळं त्यात असतं. एका हंगामात लिलावाच्या साधारण सव्वादोन लाख ओळी होतात, सहा हंगामांच्या मिळून तेरा लाखांच्या वर. मोठ्या शहरातल्या लोकांना हा डेटा किरकोळ वाटेल, पण ह्यात दीडशे बोटींवरच्या माणसांचे वर्षाचे पैसे आहेत, त्यामुळे मला तो किरकोळ वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेच्या आधी आम्ही जुना डेटाबेस सोडून पोस्टग्रेस १६ वर आलो. पोस्टग्रेस फुकट आहे, ओपन सोर्स आहे, १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेल्या प्रोजेक्टमधून आलाय, हे सगळं कुठेही वाचायला मिळेल, मी त्यावर वेळ घालवत नाही. मला फक्त एकाच गोष्टीवर लिहायचंय, कारण त्याच गोष्टीने मला रडवलं आणि त्याच गोष्टीमुळे मी आता हा डेटाबेस सोडणार नाही. ती म्हणजे क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालू असताना मधला जो कच्चा हिशोब तयार होतो तो हा ठेवतो कुठे.

दुकानात कशी एक पक्की वही असते आणि एक कच्ची, तसंच आहे हे. पक्की वही म्हणजे आपली टेबलं. पण तुम्ही बोटवार, तारखेवार लावून हिशोब मागितला की डेटाबेसला मधल्यामध्ये कुठेतरी आकडे मांडावे लागतात, ती कच्ची वही. काम झालं की पानं फाडून टाकायची. पोस्टग्रेस ही कच्ची वही आधी रॅममध्ये मांडतो, आणि किती जागेत मांडायची ते वर्क_मेम नावाचं सेटिंग ठरवतं, जे मुळात फक्त ४ एमबी असतं. तेवढ्यात मावलं नाही की डेटा फोल्डरच्या आत बेस, त्याच्या आत पीजीएसक्यूएल_टीएमपी नावाचं फोल्डर आहे तिथे फाईली करून डिस्कवर लिहायला लागतो.

डिस्कवर तो नक्की काय करतो हे मला पुस्तकी भाषेत कधी डोक्यात शिरलं नव्हतं, जेटीवर बघून शिरलं. बोट लागली की मासळी ओतली जाते आणि बायका वर्गवारी करायला बसतात. समोर जेवढी जागा तेवढाच ढीग घ्यायचा, लहान मोठी लावायची, टब भरून मागे सरकवायचा, पुढचा ढीग घ्यायचा. सगळा माल संपला की मग त्या लावलेल्या टबांतून वरची वरची उचलत एकच माल तयार करायचा. पोस्टग्रेसचा मोठा सॉर्ट अगदी हाच, वर्क_मेम म्हणजे समोरची जागा आणि मागचे टब म्हणजे डिस्कवरच्या फाईली, आणि शेवटचं एकत्र करणं म्हणून त्याचं नाव एक्स्टर्नल मर्ज.

आता गेल्या वर्षीचा ३० मे. ज्यांना कोकणातलं माहीत नाही त्यांच्यासाठी, १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते, त्यामुळे मे संपता संपता सगळ्या बोटी किनाऱ्याला लागतात आणि हंगामाचा हिशोब होतो. आलेल्या पैशातून खर्च वजा, कमिशन वजा, राहिलेल्यातून मालकाचा वाटा, तांडेलाचा (बोटीच्या म्होरक्याचा) वाटा, खलाश्यांचे वाटे, त्यातून ज्याची त्याची उचल वजा. खलाशी पिशव्या भरून तयार असतात, बरेचजण नेपाळचे, कणकवलीहून रात्रीची गाडी पकडायची असते. ऑफिसच्या बाहेर पन्नास साठ माणसं उभी होती. त्या वेळी आमचा सर्व्हर भाड्याचा होता, कोणाचा ते सांगत नाही, डिस्क १२० जीबीची आणि त्यातली ७४ जीबी मोकळी, मी सकाळीच बघितली होती.

दुपारी तीनला हिशोबाचा रिपोर्ट लावला आणि तो येईना. ऑफिसातल्या ताईने थोडं थांबून परत बटण दाबलं, मग अजून एकदा. पावणेचारच्या सुमारास सगळंच बंद पडलं, नवीन नोंदसुद्धा होईना, लॉगमध्ये पॅनिक आणि त्याच्या पुढे डिस्कवर जागा नाही. मी घाईघाईने जागा बघितली तर ७४ जीबी मोकळी. सकाळी होती तेवढीच. माझे हातपाय गार पडले, कारण लॉग म्हणतो जागा नाही आणि डिस्क म्हणते आहे, आता विश्वास कोणावर ठेवायचा.

दोन्ही खरं होतं. झालं असं की रिपोर्टात आदल्या आठवड्यात मी उचलीचं टेबल नवीन जोडलं होतं आणि जोडताना बोट नंबरची अट टाकायची राहिली. त्यामुळे लिलावाची प्रत्येक ओळ उचलीच्या प्रत्येक ओळीशी जोडली गेली. सव्वादोन लाख गुणिले नऊ हजार, म्हणजे दोनशे कोटींच्या आसपास ओळी, आणि त्या दोन्हीकडच्या तारखेने लावून मागितलेल्या, म्हणजे सगळ्या कच्च्या वहीत आल्या आणि कच्ची वही डिस्कवर गेली. वर ताईने तीनदा बटण दाबलं म्हणजे तीन वह्या. ब्राउझर कंटाळून निघून गेला तरी पोस्टग्रेसला ते आपणहून कळत नाही, तो क्वेरी चालवतच राहतो (१४ व्या आवृत्तीपासून समोरचा आहे की गेला हे तपासायचं सेटिंग आलंय पण ते मुळात बंद असतं, मी आता चालू केलंय). डिस्क गच्च भरली, व्यवहारांचा लॉग (प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो ती नोंद) त्याच डिस्कवर, त्याला लिहायला जागा मिळेना, म्हणून डेटाबेस पॅनिक होऊन पडला. पडला आणि स्वतःच उठला, उठताना टेम्प फाईली (म्हणजे त्या कच्च्या वह्या) पुसून टाकल्या, म्हणून मला ७४ जीबी मोकळी दिसली.

इथे पोस्टग्रेसला पैकीच्या पैकी देतो. दोन मिनिटात परत उभा राहिला आणि एकही पक्की नोंद गेली नाही, मी त्या रात्री बोट बोट तपासली. टेम्प फाईलींची नोंद तो व्यवहारांच्या लॉगमध्ये करतच नाही, कारण त्या कोणाला परत आणायच्या नसतात, त्यामुळे सावरताना त्या आडव्या येत नाहीत. पण त्या संध्याकाळी हे कौतुक करायला मी जागेवर नव्हतो. एक तांडेल दर दहा मिनिटांनी दारात येऊन विचारत होता, "भावा, हिशोब झालो काय? पोरांची गाडी चुकतली." शेवटी ज्यांना त्या रात्री जायचं होतं त्यांचे हिशोब आम्ही चौघांनी कागदावर केले, कॅल्क्युलेटर घेऊन, रात्री सव्वाआठपर्यंत. गाडी कोणाची चुकली नाही.

जून महिना मी हेच वाचण्यात घातला. सगळ्यात आधी टेम्प_फाईल_लिमिट लावलं, ते मुळात उणे एक असतं म्हणजे मर्यादाच नाही. आता ५ जीबी आहे, त्याच्या वर गेली की ती क्वेरी एरर देऊन पडते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. लक्षात ठेवा की ही मर्यादा एका प्रोसेसची आहे, तीनदा बटण दाबलं तर १५ जीबी, तेवढी जागा हाताशी हवी. आणि तुम्ही स्वतः टेम्पररी टेबल बनवलं तर त्याला ही मर्यादा लागू होत नाही.

दुसरं लॉग_टेम्प_फाईल्स. हे पण मुळात बंद असतं, शून्य केलं की डिस्कवर गेलेली प्रत्येक कच्ची वही लॉगमध्ये दिसते, किती बाइट्सची होती आणि कुठल्या क्वेरीने केली त्यासकट. मी हे पहिल्या दिवसापासून चालू ठेवलं असतं तर नवीन रिपोर्ट तपासायला घेतला तेव्हाच एखाद्या बोटीवर कळलं असतं. नोंद फाईल पुसली जाताना होते, क्वेरी चालू असताना नाही, म्हणजे चालू असलेला गोंधळ त्यात दिसणार नाही, त्यासाठी फोल्डरच बघायचं. शिवाय पीजी_स्टॅट_डेटाबेस मध्ये एकूण किती टेम्प फाईली झाल्या आणि किती बाइट्स त्याची बेरीज मिळते. मला हा डेटाबेस आवडायचं मुख्य कारण हेच, विचारलं की सगळं सांगतो. फक्त विचारावं लागतं.

एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ (क्वेरी चालवून ती कशी चालली ते दाखवणारा आदेश) तर अजून जवळून सांगतं. आमच्या हंगामाच्या हिशोबाला (अट घालून दुरुस्त केलेल्या) त्याने लिहिलं, सॉर्ट मेथड एक्स्टर्नल मर्ज, डिस्क २१ एमबी. मी म्हटलं सोपं आहे, वर्क_मेम २४ करूया. तरी डिस्कवरच. बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं की डिस्कवर ओळी दाबून लिहिलेल्या असतात, तीच ओळ रॅममध्ये मांडायला जास्त जागा लागते. ४८ केल्यावर क्विकसॉर्ट (रॅममध्येच होणारा सॉर्ट) आला आणि मेमरी ३७ एमबी दाखवली. म्हणजे डिस्कचा आकडा बघून तेवढंच सेटिंग करू नका, दुप्पट धरून चाला आणि परत तपासा.

मग मी दुसरी चूक केली. आता स्वतःची मशीन घेतली होती, ८ जीबी रॅम, चांगली एसएसडी, आणि डिस्कची एवढी धास्ती बसली होती की वर्क_मेम सगळ्यांसाठी २५६ एमबी करून टाकलं. हे सेटिंग आख्ख्या सर्व्हरचं नाही, कनेक्शनचं नाही, एका क्वेरीचंही नाही. क्वेरीच्या आतल्या प्रत्येक सॉर्टला, प्रत्येक हॅशला (जोडणी किंवा गटवारीसाठी रॅममध्ये मांडलेल्या तक्त्याला) वेगवेगळं मिळतं, आणि हॅशला १५ व्या आवृत्तीपासून त्याच्या दुप्पट मिळतं. दोन सॉर्ट आणि एक हॅश असलेली क्वेरी म्हणजे २५६ अधिक २५६ अधिक ५१२, एक जीबी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हंगाम सुरू होताना जो तो मालक मागची सहा वर्षं काढून बघत बसतो, तेरा लाख ओळींचा तो रिपोर्ट आठ दहा जणांनी एकदम लावला आणि लिनक्सने मेमरी संपली म्हणून पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारली. एक मेली की पोस्टग्रेस सगळीच कनेक्शन तोडून नव्याने सुरू होतो, कारण सामाईक मेमरी बिघडली असेल तर धोका नको. लिलाव चालू होता, तेवढ्या वेळाच्या नोंदी पोरांनी कागदावर घेतल्या.

आता असं आहे. सगळ्यांना ८ एमबी. हिशोबाचे रिपोर्ट वेगळ्या रोलवरून (डेटाबेसमधल्या वेगळ्या खात्यावरून) चालतात, त्या रोलला ६४ एमबी लावून दिलंय, एकावेळी चारच रिपोर्ट चालतील अशी रांग सॉफ्टवेअरमध्ये केलीय. एखाद्याच क्वेरीला जास्त हवं असेल तर ट्रान्झॅक्शनच्या आत सेट लोकल करायचं, संपली की आपोआप मागे जातं. आणि सहा हंगामांची तुलना मी मुद्दाम डिस्कवर जाऊ देतो. ११८ एमबीची टेम्प फाईल होते, सॉर्टला २.९ सेकंद लागतात, रॅममध्ये २.१ लागायचे. इतकाच फरक, कारण टेम्प फाईल लिहिली म्हणजे ती लगेच डिस्कवर आदळते असं नाही, ऑपरेटिंग सिस्टम मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवते. भाड्याच्या सर्व्हरवर ह्याच सॉर्टला कधी कधी चाळीस सेकंद लागायचे, तिथली डिस्कच तशी होती. त्यामुळे डिस्कवर गेलं की संपलं असं जे लोक सांगतात ते मला पटत नाही, कुठल्या डिस्कवर आणि शेजारी किती रॅम मोकळी आहे ते बघा.

खरा फायदा तर कच्ची वहीच लहान करण्यात झाला. आधी आमच्या क्वेरीत बोटीचं नाव, मालकाचं नाव, माशाचं नाव, गिऱ्हाइकाचं नाव सगळं घेऊन सॉर्ट व्हायचा. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह युटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, काना मात्रा उकार वेगळे मोजायचे, नुसतं "सुरमई" १५ बाइट. आता सॉर्ट नंबरांवर होतो आणि नावं शेवटी जोडली जातात. बोट आणि तारीख ह्यावर इंडेक्स (लावून ठेवलेली सूची) टाकला तेव्हा एका बोटीच्या रिपोर्टातला सॉर्ट तर गेलाच, इंडेक्समधून ओळी लावलेल्याच येतात.

टेम्पररी टेबलांबद्दल थोडं, कारण लोक टेम्प फाईल आणि टेम्पररी टेबल ह्या दोन गोष्टी एकच समजतात. आपण स्वतः क्रिएट टेम्प टेबल करतो त्याला वर्क_मेम नाही, टेम्प_बफर्स लागतं, मुळात ८ एमबी, आणि ते सेशनमध्ये पहिलं टेम्पररी टेबल वापरायच्या आधीच बदलायला हवं. अशा टेबलाला ऑटोव्हॅक्यूम (आपोआप साफसफाई करणारी आणि टेबलाची आकडेवारी ताजी ठेवणारी प्रोसेस) हात लावत नाही, म्हणून भरून झालं की स्वतः अ‍ॅनालाइझ चालवायचं, नाहीतर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) अंदाजपंचे निघतो. मी वाट्यांची वाटणी अशा टेबलात करतो, अ‍ॅनालाइझची एक ओळ घातल्यावर ती पहिल्यापेक्षा निम्म्या वेळात होऊ लागली. विथ वाल्या (आधी नाव देऊन लिहिलेल्या) क्वेरी १२ व्या आवृत्तीच्या आधी नेहमी वेगळ्या मांडल्या जायच्या, आता एकदाच वापरल्या असतील तर मुख्य क्वेरीत मिसळतात. वेगळं मांडूनच हवं असेल तर मटेरियलाइज्ड लिहायचं. तसंच १३ च्या आधी ग्रुप बायचा (गटवारीचा) हॅश डिस्कवर जाऊच शकायचा नाही, अंदाज चुकला तर रॅम खात सुटायचा. म्हणून कोणी १२ किंवा त्याच्या खालची आवृत्ती चालवत असेल तर एवढ्या एका कारणासाठीही वर या.

मायएसक्यूएलवाल्यांसाठी, कारण आपल्याकडे बरेचजण त्यावर आहेत. तिथे गणित वेगळं आहे. ८.० पासून मधली टेबलं टेम्पटेबल नावाच्या इंजिनात राहतात, सगळ्यांची मिळून मर्यादा टेम्पटेबल_मॅक्स_रॅम, ८.० मध्ये मुळात १ जीबी. ८.०.२८ पासून एकेका टेबलाला टीएमपी_टेबल_साइझची मर्यादाही लागते, मुळात १६ एमबी. ह्याच्या वर गेलं की डिस्कवर. सगळ्यांची मिळून एक मर्यादा ही गोष्ट मला पोस्टग्रेसमध्ये खरंच हवी आहे. ५.७ मध्ये आयबीटीएमपी१ फाईल एकदा वाढली की रीस्टार्टशिवाय लहान होत नाही, तिथे असाल तर डिस्क बघताना ती फाईल आधी बघा. क्रिएटेड_टीएमपी_डिस्क_टेबल्स हा आकडा अधूनमधून तपासत जा.

एका मित्राने सुचवलं की टेम्प फाईलींसाठी रॅम डिस्क (रॅमचाच एक भाग डिस्कसारखा वापरणं) कर, टेम्प_टेबलस्पेसेस तिकडे वळव. करू नका. पोस्टग्रेसच्या कागदपत्रातच स्पष्ट लिहिलंय की टेबलस्पेस (फाईली ठेवायची ठरवलेली जागा) रॅम डिस्कसारख्या तात्पुरत्या जागेवर ठेवली तर आख्ख्या डेटाबेसचा भरवसा जातो. आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे मी दुसरी साधी एसएसडी लावली आणि टेम्प तिकडे नेलं. आता कच्ची वही कितीही फुगली तरी व्यवहारांच्या लॉगची जागा खात नाही. लाईट गेली, इन्व्हर्टरने दगा दिला, असं यंदा दोनदा झालं, मशीन परत लावल्यावर डेटाबेस नीट उठला आणि अर्धवट राहिलेल्या टेम्प फाईली त्यानेच साफ केल्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो दोन कारणांनी, एकूण वर्क_मेमवर वरून झाकण नाही, आणि टेम्प फाईलींची मर्यादा आणि लॉग दोन्ही मुळात बंद येतात. जो नवीन माणूस गावातल्या एखाद्या सोसायटीसाठी, काजूच्या कारखान्यासाठी हे बसवतो त्याला ही नावंसुद्धा माहीत नसतात. तुम्ही त्यातले असाल तर बसवल्या दिवशीच ही दोन चालू करा.

यंदा ३० मेला हिशोब दुपारी दोनला लावले आणि साडेपाचला शेवटच्या बोटीचा कागद छापून झाला. त्याच तांडेलाने दारातून हात वर केला आणि पोरांना घेऊन गाडीत बसला. रात्री मी लॉग उघडून बघितला, दिवसभरात टेम्प फाईल एकच, सहा हंगामांच्या तुलनेची, ११८ एमबी.